पाय टेकत नाहीत, तरी उंच गाडीच हवी आहे? कमी उंचीच्या चालकासाठी अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल

शोरूममध्ये अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे खडबडीत वाटांवरही चालवायच्या उंच गाडीवर बसलं की नजर आधी खाली जाते. टाचा अधांतरी, चवडे कसेबसे फरशीला लागलेले आणि हँडल धरलेले हात उगाच ताठ. सोबत आलेला मित्र म्हणतो, "अरे, पाय कुठे टेकतायत तुझे? राहू दे." सेल्समनही मग शेजारच्या बुटक्या क्रूझरकडे हात करतो. माझ्या बाबतीत हे तीन वेळा झालं. माझी उंची पाच फूट साडेतीन इंच, म्हणजे साधारण १६१ सेंटिमीटर. चौथ्यांदा गेलो तो मित्राला घरी ठेवूनच.

गाडी घेतली आणि पहिल्याच महिन्यात तीनदा पाडली. एकदा पेट्रोल पंपावर, एकदा सोसायटीच्या उतारावर आणि एकदा घाटात चहाच्या टपरीसमोर, वीसेक लोकांच्या साक्षीने. तिन्ही वेळा गाडी उभी होती किंवा उभी राहत होती. चालती गाडी एकदाही पडली नाही. चूक तिन्ही वेळा माझीच होती, आणि सारखीच: दोन्ही पाय एकदम टेकवायचा हट्ट. वेग दहा-पंधराच्या वर गेला की गाडी स्वतःच तोल धरते, तुमची उंची ती विचारत नाही. अडचण येते ती थांबायच्या शेवटच्या दोन सेकंदांत. म्हणून गाडी निवडताना ती कशी धावते याच्याइतकंच ती थांबताना तुमच्या हातात कशी राहते हे बघायचं.

पायरी १: आधी स्वतःला मापा

उंचीचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. लागतं ते इनसीमचं माप, म्हणजे जांघेपासून तळव्यापर्यंतची पायाची आतली लांबी. एकाच उंचीच्या दोन माणसांच्या इनसीममध्ये चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. एकाचं धड लांब, दुसऱ्याचे पाय लांब.

मापायची रीत सोपी आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन पायांत साधारण वीतभर अंतर ठेवा. एक जाडजूड पुस्तक कणा वरच्या बाजूला करून दोन्ही पायांच्या मध्ये धरा आणि सायकलच्या सीटवर बसल्यासारखं घट्ट वर ओढा. घरातल्या कुणाला तरी भिंतीवर पेन्सिलने खूण करायला सांगा. खुणेपासून जमिनीपर्यंतचं माप मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. शिंप्याने पँटसाठी घेतलेलं माप इथे चालणार नाही, ते सैल असतं.

माझं माप ७४० मिमी आलं. जमिनीपासून ८०० मिमी उंच असलेल्या सीटशी वजाबाकी केली तर ६० मिमी कमी पडतात, म्हणजे पाय हवेतच लोंबायला हवेत. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण मधे तीन गोष्टी येतात. बुटाचा तळवा २०-२५ मिमी भरून काढतो. तुम्ही बसलात की गाडीचे स्प्रिंग दबतात आणि सीट आणखी खाली येते. शिवाय एकच पाय टेकवायचा असेल तर त्या बाजूला सरकून तुम्ही आणखी बरंच काही मिळवता. उलट बाजूला सीटची रुंदी वजा होते. मांड्या जितक्या फाकतील तितका पाय तिरका उतरतो, आणि तिरका पाय नेहमी आखूड पडतो.

हलक्या वजनाच्या लोकांसाठी इथे एक गोम आहे. कंपनी स्प्रिंग बसवते ते अंगाने बऱ्यापैकी भरलेल्या चालकाचा अंदाज धरून. तुम्ही ५०-५५ किलोचे असाल तर गाडी तुमच्याखाली पुरेशी बसतच नाही. त्याच सीटवर तुमच्या उंचीच्या पण ७५ किलोच्या मित्राचे पाय तुमच्यापेक्षा जास्त टेकतील. त्याचं ऐकून गाडी बुक करू नका.

पायरी २: माहितीपत्रकातले आकडे कसे वाचायचे

सगळे बघतात तो आकडा सीटच्या उंचीचा. त्याच्या शेजारी वजनाचा आकडा असतो, आणि कमी उंचीच्या माणसाने आधी तो वाचावा असं मला वाटतं.

एक तुलना करून बघा. रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयन ४११ ची सीट ८०० मिमी आणि वजन १९९ किलो. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्सची सीट ८३५ मिमी आणि वजन १६७ किलो. कागदावर पहिली गाडी बुटक्यांसाठी, दुसरी उंचांसाठी. मी दोन्ही चालवल्या आहेत. दुसरी ३५ मिमी उंच आहे, पण ३२ किलो हलकी. सिग्नलला ती थोडी कलली तरी एका चवड्यावर सावरते. जड गाडीत पाय छान टेकतात, पण कलली की टेकलेल्या पायाचा फारसा उपयोग होत नाही.

कारण सरळ आहे. गाडी सरळ उभी असते तेव्हा तिचं वजन टायरवर असतं, तुमच्यावर जवळजवळ काहीच नसतं. ती जसजशी कलते तसतसा भार तुमच्या पायावर येतो. ५ अंश कललेली गाडी धरायला जेवढं बळ लागतं, त्याच्या जवळपास चौपट २० अंशांवर लागतं. १९९ किलोची गाडी तिथे धरून ठेवणं सहा फुटी पैलवानालाही जड जातं. सहा फुटी माणसाला फक्त आधी सावरायला थोडा जास्त वेळ मिळतो.

वजनाच्या जोडीला ते कुठे आहे तेही बघा. टाकी उंचावर असते. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे १७ लिटरची टाकी पूर्ण भरली की बारा-तेरा किलो तुमच्या छातीसमोर. शोरूमची गाडी बहुधा रिकाम्या टाकीची असते. तिथे जी हलकी वाटली ती घरी येताना पंपावर थांबलात की वेगळीच वाटते. माझी पहिली पडझड तिथलीच.

तिसरा आकडा ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतच्या मोकळ्या जागेचा. होंडाच्या एनएक्स २०० ची सीट ८१० मिमी आहे, वजनही कमी, शहरात आणि चांगल्या रस्त्यावर गोड गाडी. पण तिचा क्लिअरन्स १६७ मिमी. हिमालयन ४५० चा २३० मिमी. सह्याद्रीतल्या दगडी वाटेवर हा फरक इंजिनाच्या तळाला ऐकू येतो. गाडी उंच का असते याचं उत्तरही यातच आहे. चाकाला वर-खाली व्हायला जागा हवी, पोटाला दगड चुकवायचे आहेत, म्हणून सीट वर जाते. सीट खाली आणणारी प्रत्येक युक्ती याच हिशोबातून काहीतरी परत घेते.

चौथी गोष्ट माहितीपत्रकात सापडणार नाही, ती म्हणजे सीटची टाकीजवळची रुंदी. तिथे सीट निमुळती असेल तर ८२५ मिमी ही ८०० सारखी वाटते. यासाठी स्वतः जाऊनच बसावं लागतं.

पायरी ३: शोरूममध्ये काय करायचं

गर्दी नसलेल्या दिवशी जा, शक्यतो मंगळवार-बुधवारी सकाळी. जे बूट घालून गाडी चालवणार तेच घाला. चपलेवर किंवा स्पोर्ट्स शूजवर काढलेला अंदाज दोन्हीकडे चुकतो. पायाला घट्ट असलेले मोटोक्रॉसचे बूट उंची देतात खरी, पण त्यांत घोटा वाकत नाही, त्यामुळे चवड्यावर उभं राहणंच कठीण होतं.

बसल्यावर आधी दोन्ही पाय टेकवून बघा. दोन्ही चवडे लागत असतील तर अडचणच नाही. नुसती बोटं लागत असतील तर कंबर डावीकडे सरकवा, इतकी की डावा कुल्ला सीटच्या कडेवर येईल. आता डावा पाय किती टेकतो? पूर्ण चवडा टेकून वर थोडा गुडघा वाकत असेल तर ही गाडी तुमची होऊ शकते. उजवा पाय फूटरेस्टवर, मागच्या ब्रेकवर राहू द्या. गाडी चालवताना तुम्ही असेच थांबणार आहात.

मग खाली उतरा आणि गाडी बाजूने ढकलून बघा. हे फारसं कुणी करत नाही. डाव्या बाजूला उभे राहा, कमरेचा टेका टाकीला द्या, गाडी अगदी किंचित आपल्याकडे कलवा आणि दहा पावलं पुढे, दहा मागे घ्या. हे जमत नसेल तर पार्किंगमध्ये रोज कुणाला तरी हाक मारावी लागेल, आणि ती हाक मारण्याचा कंटाळा येऊन गाडी हळूहळू घरीच राहायला लागते. माझ्या माहितीत अशी एक गाडी दीड वर्ष कव्हरखाली उभी होती.

टेस्ट राइडला "समोरच्या रस्त्यावरून एक फेरी" एवढ्यावर समाधान मानू नका. चढावर थांबून पुन्हा निघा. उतारावर थांबा. यू-टर्न घ्या. कमी पडलात तर मान्य करा, पण पहिल्या दहा मिनिटांवरून गाडी नापासही करू नका. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनाच भीती वाटते.

पायरी ४: सध्या बाजारात काय बघावं

हे माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

पहिली अ‍ॅडव्हेंचर गाडी असेल आणि उंची पाच फूट दोनच्या आसपास असेल तर हलक्या गाडीपासून सुरुवात करा. हिरो एक्सपल्स २०० फोर-व्ही ८२५ मिमी आहे, पण वजन १६० किलोच्या आत आणि सीट अरुंद. माझी मावसबहीण पाच फूट एक इंच आहे, ती हीच चालवते. रत्नागिरीच्या आसपासच्या जांभ्या दगडाच्या वाटांवर ती मला मागे टाकते. याच गाडीच्या प्रो आवृत्तीच्या जाळ्यात मात्र अडकू नका. तिची सीट ८९१ मिमी आहे, ती वेगळ्याच लोकांसाठी बनवली आहे. एक्सपल्स २१० ची सीट ८३० मिमी, वजन १७० किलोच्या आसपास. हायवेला ताकद जरा जास्त हवी असेल तर ती.

लांबचे प्रवास डोक्यात असतील तर हिमालयन ४५०. सीट ८२५ मिमी, ती ८४५ पर्यंत वर करता येते, आणि कंपनीचीच बुटकी सीट घेतली तर ८०५ वर येते. वजन १९६ किलो, ते विसरू नका. केटीएमच्या जुन्या ३९० अ‍ॅडव्हेंचरची सीट ८५५ मिमी होती, त्यामुळे कमी उंचीचे लोक तिच्यापासून लांब राहायचे. २०२५ च्या नव्या गाडीत ती ८३० वर आली आणि एक्स आवृत्तीत ८२५ वर. सेकंडहँड घेताना कुठली पिढी आहे ते नीट बघा, नाव एकच आहे. येझदी अ‍ॅडव्हेंचर ८१५ मिमी आहे. ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्स ८३५ मिमी, तिची गादी जरा रुंद आहे.

मोठ्या, महागड्या गाड्यांत या प्रश्नावर यंत्रानेच उत्तर काढलं आहे. हार्ली-डेव्हिडसनने २०२१ मध्ये पॅन अमेरिका १२५० स्पेशलसाठी असं सस्पेन्शन आणलं की गाडी थांबायला आली की आपोआप खाली बसते आणि निघाली की वर उठते. बीएमडब्ल्यूच्या आर १३०० जीएसला तशीच सोय पर्याय म्हणून मिळते: चालताना ८५० मिमी, थांबल्यावर ८२०. खिसा तेवढा खोल असेल तर हा लेख इथेच सोडून दिलात तरी चालेल.

पायरी ५: गाडी खाली आणायची असेल तर या क्रमाने

लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. गाडी आणली की दुसऱ्या आठवड्यात गॅरेजमध्ये जाऊन लिंक, म्हणजे मागच्या शॉकअपला जोडणाऱ्या पट्ट्या बदलतात. तसं करू नका. निदान पाचशे किलोमीटर आहे तशीच चालवा. निम्म्या लोकांना त्यानंतर काही बदलावंसंच वाटत नाही, असं माझ्या भोवतीच्या मंडळींकडे बघून म्हणतो.

पहिला उपाय बुटांचा. जाड तळव्याचे राइडिंग बूट घ्या किंवा आहेत त्या बुटांना चांगल्या कारागिराकडून रबराचा १०-१५ मिमीचा थर लावून घ्या. थर टाचेपासून चवड्यापर्यंत सलग हवा. नुसती उंच टाच काही कामाची नाही, कारण टेकतो तो चवडा. थर लावल्यावर गिअरच्या लिव्हरची उंची जुळवून घ्या, नाहीतर बूट लिव्हरखाली जात नाही.

दुसरा उपाय सीटचा. कंपनीची बुटकी सीट मिळत असेल तर तीच बरी. नसेल तर सीट बनवणाऱ्या कारागिराकडे जा आणि वरून फोम तासायच्या आधी टाकीजवळच्या दोन्ही कडा तासायला सांगा. १५ मिमी उंची कमी करण्यापेक्षा कडा निमुळत्या केल्याने जास्त पाय टेकतो, आणि बुडाखालचा फोम शाबूत राहतो. वरून २०-२५ मिमीपेक्षा जास्त काढलं तर पुणे-गोवा प्रवासात कराडच्या पुढे तुम्ही उभ्याने गाडी चालवायला लागाल. फोम काढण्याआधी मूळ सीट जपून ठेवायची असेल तर दुसरी सीट घेऊन त्यावर प्रयोग करा.

तिसरा उपाय मागच्या शॉकअपच्या प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंग आधीच किती आवळून ठेवली आहे त्याचा. एक-दोन खाचा सैल केल्या की गाडी थोडी जास्त बसते. फुकटात होतं आणि परतही करता येतं. पण मागे कुणी बसणार असेल किंवा सामान लादणार असाल तर पुन्हा आवळा, नाहीतर खड्ड्यात गाडी तळाला आपटते आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

लोअरिंग लिंक सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नाहीच. मागच्या शॉकअपला जोडणाऱ्या पट्ट्या लांब घातल्या की मागचा भाग २५-३० मिमी खाली येतो. ऐकायला छान वाटतं. पण मग पुढचे फोर्कही (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) क्लॅम्पमधून तेवढ्या प्रमाणात वर सरकवावे लागतात. नुसतंच मागून खाली आणलं तर पुढचं चाक आणखी पुढे कललं जातं आणि वळताना गाडी आळशी होते. साइड स्टँड आता लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झुळकेनेही उजवीकडे पडू शकते. तो कापून, वेल्ड करून आखूड करावा लागतो. लिंक बदलल्याने शॉकअप लहान होत नाही, त्यामुळे मोठ्या खड्ड्यात चाक पूर्ण वर आलं की टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासू शकतो. क्लिअरन्स जातो तो वेगळाच. वॉरंटीबद्दल आधी लेखी विचारून घ्या. एवढं करायचं असेल तर मुळातच कमी उंचीची गाडी घेतलेली काय वाईट?

पायरी ६: थांबायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रविवारी सकाळी एखादं रिकामं मैदान किंवा बंद असलेलं पार्किंग गाठा. टाकी अर्ध्याहून कमी असू द्या. लेग गार्ड आणि हँड गार्ड आधीच बसवून घ्या, कारण गाडी पडणार आहे.

चढणं. घोड्यावर मांड टाकतात तसं. गाडी साइड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये, पुढचा ब्रेक धरलेला. डावा पाय डाव्या फूटरेस्टवर रिकिबीसारखा ठेवायचा, उभं राहायचं आणि उजवा पाय पलीकडे टाकायचा. जमीन भुसभुशीत असेल तर स्टँडखाली चपटा दगड किंवा जाड पत्र्याचा तुकडा ठेवा. मी टूलकिटमध्ये एक ठेवूनच देतो. काही गाड्यांचे स्टँड हा भार घेण्याइतके दणकट नसतात, ते आधी विचारा. अशा वेळी फुटपाथच्या कडेला गाडी लावून तिथून चढा.

थांबणं. हँडल सरळ. हे शंभर वेळा घोकून ठेवा. थांबताना हँडल जरासं वळलेलं असेल आणि त्याच क्षणी पुढचा ब्रेक दाबला तर गाडी वळलेल्या बाजूला आपटते. म्हणून शेवटचे चार-पाच फूट फक्त मागचा ब्रेक. गाडी थांबायच्या क्षणी कंबर डावीकडे सरकवा आणि डावा पाय खाली सोडा. उजवा पाय ब्रेकवरच राहतो. दोन्ही पाय खाली सोडून "चालत" थांबायची सवय स्कूटरवर लागलेली असते, ती आधी मोडावी लागते. मला तीन आठवडे लागले.

कुठला पाय टेकवायचा ते रस्ता ठरवतो. आपण डावीकडून चालवतो, आणि रस्ता मध्यभागी उंच, कडेला उतरता असतो. म्हणजे डाव्या कडेला थांबलात की डाव्या पायाखालची जमीन नेमकी खोल. त्यात डांबराची कड संपून खाली मुरूम असेल तर पाय शोधत राहतो आणि तोवर गाडी गेलेली असते. टपरीसमोर माझं हेच झालं. कडेपासून दोन-तीन फूट आत थांबा, किंवा त्या ठिकाणी उजवा पाय टेकवा आणि पुढचा ब्रेक हलक्या हाताने धरा. घाटात वळणाची बाहेरची बाजू उंच बांधलेली असते. त्यामुळे उजव्या वळणावर थांबायची वेळ आली तर डावा पाय सोयीचा, डाव्या वळणावर उलट. ताम्हिणीत किंवा आंबोलीत पावसाळ्याच्या रविवारी ट्रॅफिक तुंबतं तेव्हा हे फार लवकर पाठ होतं.

शहरात थांबण्याआधी वीस फूट पुढची जमीन वाचायची सवय लावा. सिग्नलला गटाराचं झाकण, ऑइलचा डाग, झेब्रा क्रॉसिंगचा ओला पांढरा रंग, शेवाळलेले पेव्हर ब्लॉक. एकाच पायावर उभे आहात, तो घसरला तर दुसरा नाही. एक फूट अलीकडे किंवा पलीकडे थांबल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

पार्किंग. उतारावर तोंड खाली करून, भिंतीला नाक लावून गाडी कधीच लावू नका. चवड्यांवर बसून ती मागे ढकलता येत नाही. किल्ल्याच्या पायथ्याला पोचल्यावर उत्साहात गाडी कशीही घुसवली जाते, आणि ट्रेक करून पाय थरथरत असताना ती काढायची असते. लावतानाच निघायच्या तोंडाने लावा. अडकलातच तर खाली उतरून बाजूने ढकला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उंच लोकही तेच करतात.

यू-टर्न. जागा कमी असेल आणि रस्ता उतरता असेल तर थोडं पुढे जा, सपाट जागा मिळेल. तीन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील.

ओढे आणि खडी. इथे बसून, पाय खाली सोडून चालवायचा मोह होतो. आपल्या पायांना तळ लागत नाही, म्हणून तो मोह आपण सोडून दिलेला बरा. फूटरेस्टवर उभे राहा, गुडघ्यांनी टाकी आवळा, नजर पलीकडच्या काठावर ठेवा. उभं राहिल्यावर सीटची उंची हा विषयच संपतो. पाण्यात आधी चालत जाऊन तळ बघून या. लडाखला जाणार असाल तर हा सराव इथेच, मावळातल्या किंवा जव्हारच्या ओढ्यांत करून जा. तिकडे दुपारनंतर बर्फ वितळून ओढ्यांचं पाणी वाढतं आणि ते पायांना चटका लावण्याइतकं गार असतं.

पायरी ७: पडली तर उचलायची कशी

गाडी कलायला लागली आणि सावरणार नाही असं कळलं की सोडून द्या. पाय खाली अडकवून ठेवू नका. गार्ड वाकेल, आरसा फुटेल. गुडघा मोडण्यापेक्षा स्वस्त.

आधी किल स्विचने इंजिन बंद करा. पेट्रोल गळतंय का बघा. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधीच साइड स्टँड उघडा, म्हणजे पलीकडे कलली तरी उभी राहील. गिअरमध्ये असेल तर तशीच राहू द्या, घरंगळणार नाही. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा. मग गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवा, एका हाताने खालचं हँडल, दुसऱ्याने मागची कॅरियर किंवा फ्रेम धरा, पाठ ताठ ठेवा आणि छोट्या पावलांनी मागे चालत जा. जोर मांड्यांचा, कमरेचा नाही. बॅगा लादलेल्या असतील तर आधी काढा. कुणी मदतीला आलं तर हो म्हणा.

हे एकदा मैदानात, जुन्या चटईवर गाडी आडवी करून, मित्राच्या मदतीने करून बघा. गाडी एकट्याने उचलता येते हे कळलं की सिग्नलवरची धडधड अर्ध्याने कमी होते.

सामान आणि मागचा माणूस

सामान खाली आणि पुढे ठेवा, टॉप बॉक्समध्ये जड काही नको. मागे मोठी बॅग बांधली की उजवा पाय पलीकडे टाकायला जागा उरत नाही. फूटरेस्टवर उभं राहून, गुडघा वाकवून तो सीटवरून सरकवावा लागतो. मागे बसणाऱ्याशी आधी बोलून घ्या: मी सांगेन तेव्हाच चढायचं, सांगेन तेव्हाच उतरायचं, आणि गाडी थांबताना हलायचं नाही. त्यांच्या वजनाने गाडी खाली बसते आणि तुमचे पाय जास्त टेकतात, हे खरं. पण तेवढं वजन उंचावर गेलेलं असतं. माझी बायको पहिल्यांदा मागे बसली तेव्हा ओळखीचं कुणीतरी दिसलं म्हणून सिग्नलला उजवीकडे वळून हात हलवला. गाडी पडली नाही, पण त्या दिवसापासून ओळखीचे लोक दिसले तर ती आधी मला विचारते.